उचल, पेशगी आणि एक रकाना : आशियातल्या स्त्रियांवरच्या संशोधनाचा सामायिक संग्रह कसा उभारायचा

बीडमधलं ऊसतोडीला निघालेलं जोडपं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतं. पाकिस्तानी पंजाबात वीटभट्टीवर जाणारं कुटुंब भट्टीमालकाकडून पेशगी घेतं. दोन्हीकडे बाई पुरुषाच्या बरोबरीने राबते, पण रक्कम बहुतेक वेळा त्याच्या हातात पडते आणि तिची मजुरी हिशोबाच्या वहीत वेगळी दिसत नाही. आपल्याकडे तर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. आता बीडवर काम करणारी विद्यार्थिनी ‘उचल’ शोधणार, लाहोरची ‘पेशगी’ शोधणार. विषय एकच असूनही दोघींना एकमेकींचं काम सापडत नाही.

या दोघींची गाठ घालून देणं हे सामायिक संग्रहाचं काम. संग्रह म्हणजे डेटाबेस, पण त्या शब्दाने नवखी माणसं उगाच बिचकतात. त्यांना वाटतं, इथे प्रोग्रामर लागेल. लागत नाही. चार-पाच जणी, एक स्प्रेडशीट आणि शब्दांवरून भांडायची तयारी एवढ्यावर सुरुवात होते. अशा दोन प्रयत्नांत मी होते. पहिला आठ महिन्यांत संपला, कारण पहिले चार महिने आम्ही कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर घालवले. दुसरा अजून चालू आहे. खाली जे लिहिलंय ते बरंचसं पहिल्यातून शिकलेलं आहे.

आधी कुंपण घाला

‘आशियातील लिंगभाव आणि विकास’ हा विषय नव्हे, समुद्र आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे महिला वर्ष जाहीर केलं, त्याच सुमारास आपल्याकडे स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या समितीचा अहवाल आला. १९७४ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र नीरा देसाईंच्या पुढाकाराने सुरू झालं, १९८३ मध्ये सोलमध्ये कोरियाची सरकारी महिला विकास संस्था उभी राहिली. तेव्हापासून साठलेला कागद कोणीही एकहाती गोळा करू शकणार नाही.

म्हणून एक वाक्य लिहा. त्यात विषय, देश, सालं आणि भाषा, चारही यायला हवेत. उदाहरणार्थ : ‘भारत, नेपाळ, बांगलादेश आणि इंडोनेशिया या देशांतल्या स्त्रियांच्या बिनपगारी आणि अंगावरच्या कामांवर १९९० नंतर झालेलं संशोधन, मराठी, हिंदी, नेपाळी, बांगला, बहासा इंडोनेशिया आणि इंग्रजी.’ भाषा त्या त्या वाचणारं माणूस गटात असेल तरच लिहा. थाई येणारं कोणी नसताना थायलंड घेतलं, तर थायलंडबद्दल इंग्रजांनी, अमेरिकनांनी लिहिलेलं तेवढं जमा होईल. तो संग्रह मग थायलंडचा राहत नाही.

त्या वाक्याखाली दुसरं वाक्य : काय घेणार नाही. हे पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. वर्तमानपत्रातल्या बातम्या घ्यायच्या का? संस्थांची पत्रकं? एमएचे प्रबंध? माझं मत विचाराल तर पत्रकं आणि अहवाल जरूर घ्या. नामांकित जर्नलमधला लेख कुठूनही मिळेल. १९७५च्या ऑक्टोबरात पुण्यात भरलेल्या स्त्रीमुक्ती परिषदेची कागदपत्रं किंवा १९८६ साली चांदवडला झालेल्या शेतकरी महिलांच्या अधिवेशनाचे ठराव मात्र कुणाच्या तरी घरच्या ट्रंकेतच असतात. पीएचडीचे भारतीय प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत; त्यांची पूर्ण प्रत ठेवायची गरज नाही, नोंद आणि दुवा पुरे.

रकाने

पहिला महिना साधी स्प्रेडशीट वापरा. खरं सॉफ्टवेअर नंतर. एका ओळीत एक नोंद. ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञांनी १९९५मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी बसून ज्याचा पाया घातला, त्या ‘डब्लिन कोअर’चे पंधरा घटक आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. त्यांपासून सुरुवात करा, म्हणजे उद्या दुसऱ्या संग्रहाशी जोडणं सोपं जाईल. पण आपल्या विषयासाठी ते पुरत नाहीत. मी हे रकाने हमखास वाढवते.

अभ्यास कुठे झाला, आणि छापला कुठे गेला, हे दोन वेगळे रकाने. आशियातल्या बायकांवरचं प्रचंड लेखन लंडन, न्यूयॉर्क, जिनिव्हात छापलं गेलंय. ‘ठिकाण’ असा एकच रकाना ठेवलात तर कोणी लंडन लिहील, कोणी बांगलादेशातलं कुरीग्राम.

पैसे कोणी दिले. अहवालाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं. हा रकाना नवख्यांना अनावश्यक वाटतो. वर्षभराने तोच सगळ्यात बोलका ठरतो. नव्वदच्या दशकात सूक्ष्मकर्जावर इतकं संशोधन का झालं, आणि त्याच बायकांच्या जमिनीच्या हक्कावर इतकं कमी का, हे त्या रकान्यावरून क्रम लावला की समजायला लागतं.

कोणाशी बोलले. किती बायका, कोणत्या वयाच्या, आणि प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतः दिली की घरातल्या कर्त्या पुरुषाने? कित्येक घरगुती सर्वेक्षणांत सगळ्यांची उत्तरं एकच माणूस देतो.

व्याख्या. या रकान्याबद्दल पुढे सविस्तर.

आणि शेवटी, नोंद कोणी केली, कधी, प्रत्यक्ष कागद पाहून केली की दुसऱ्या सूचीतून उचलली. दुसऱ्या सूचीतून उचलायला हरकत नाही, तसं लिहिलेलं असावं इतकंच.

रकाने वीसच्या वर गेले तर थांबा. भरणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि मग निम्मे रिकामे राहतात.

शब्दांची यादी : इथे घाई नको

प्रत्येक नोंदीला विषयशब्द लावायचे असतात. सगळ्यांना हवे ते शब्द लावू दिले, तर तीन महिन्यांत ‘बचत गट’, ‘बचतगट’, ‘स्वयंसहाय्यता समूह’, ‘एसएचजी’ असे चार वेगवेगळे ढीग तयार होतात. म्हणून ठरलेली यादी हवी. यादीत शंभर-सव्वाशे शब्द खूप झाले.

यादी अशी बनवा. प्रत्येक कल्पनेसाठी एक ‘मुख्य शब्द’ ठरवा, त्याच्याखाली त्या त्या भाषेतले ‘स्थानिक शब्द’ लिहा, आणि दोन ओळींची ‘मर्यादा-टीप’ द्या : हा शब्द कुठे लावायचा आणि कुठे नाही. मुख्य शब्द कोणत्या भाषेत असावा यावर वाद होईल. आमच्याकडे इंग्रजी ठरली, कारण काठमांडू, ढाका आणि इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याला जोडणारी दुसरी भाषा नव्हती. पण शोध स्थानिक शब्दानेही लागला पाहिजे, हा नियम आम्ही त्याच दिवशी केला.

भिशी घ्या. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, जमलेली रास एकीला मिळते, पुढच्या महिन्यात दुसरीला. हीच गोष्ट इंडोनेशियात अरिसान, फिलिपिन्समध्ये पालुवागान, नेपाळात ढिकुटी, पाकिस्तानात कमिटी, श्रीलंकेत सीट्टू. सहा देशांत सहा नावं, गंमत तीच. मुख्य शब्द (इथे सगळे मराठीत सांगते) ‘फिरती बचत-रास’ ठेवला की सगळ्या एका छताखाली येतात.

आता मर्यादा-टीप. बचत गट भिशीत घालायचा नाही. बचत गटाला बँकेचं कर्ज मिळतं; नाबार्डने १९९२मध्ये गट-बँक जोडणीचा प्रयोग सुरू केल्यावर त्याला वेगळा संसार मिळाला. महाराष्ट्रात ‘माविम’चे, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचे, गट त्याच घरातले. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचं कर्जही भिशी नव्हे. तिथे पैसा बाहेरून येतो. केरळातली ‘चिट्टी’ भिशीची थोरली बहीण, पण तिच्यावर १९८२चा चिट फंड कायदा लागतो. म्हणजे चार मुख्य शब्द, आणि त्यांच्यामध्ये ‘हेही पहा’ असे बाण. एवढं ठरवायला आम्हाला दोन बैठका लागल्या. त्या वाया गेल्या असं मला अजिबात वाटत नाही. उलट, कोणत्या गटात बायकांना पैसे वापरायचा निर्णय स्वतः घेता येतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न त्याच भांडणातून पुढे आला.

लिपी एक असली म्हणून अर्थ एक असतो असं नाही. आमची सर्वांत मोठी चूक देवनागरीतच झाली. नेपाळीत ‘लैङ्गिक हिंसा’ म्हणजे स्त्री किंवा पुरुष असण्यावरून होणारी हिंसा : हुंड्यावरून मारहाण, छाउपडीसारख्या प्रथेत पाळीच्या दिवसांत गोठ्यात झोपायला लावणं, सगळं त्यात येतं. मराठीत ‘लैंगिक हिंसा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बलात्कार, विनयभंग येतो. आमच्याकडच्या एका मैत्रिणीने नेपाळी शीर्षकं वाचून वाचून मराठी शब्दाप्रमाणे चाळीसेक नोंदी लावल्या. काठमांडूच्या दीदींनी त्या पाहिल्या आणि विचारलं, ‘आमच्याकडे एवढे बलात्काराचे अभ्यास कधी झाले?’ मराठीत त्या अर्थासाठी आपण ‘लिंगभाव’ हा शब्द घडवला आहे, हिंदीवाले मात्र ‘लैंगिक समानता’ सर्रास लिहितात. तेव्हा हिंदी-मराठी-नेपाळी तिन्हींची यादी तीन माणसांनी शेजारी शेजारी बसून वाचावी. एकाने तिन्ही ओळखीची वाटतात म्हणून वाचू नये.

स्थानिक शब्दाला मुख्य शब्द नसेल तर तो फेकू नका. ‘कोयता’साठी आम्ही आधी ‘ऊसतोड’ लावत होतो. मग लक्षात आलं की कोयता हे पीक नाही, हिशोबाचं एकक आहे : जोडपं हे एक मजूर. आम्ही ‘जोडप्याची एकत्र मजुरी’ असा नवा मुख्य शब्द केला, आणि ‘उचल’, ‘पेशगी’ साठी ‘आगाऊ रकमेची मजुरी’. लेखाच्या सुरुवातीच्या त्या दोघी अशा रीतीने एका पानावर येतात.

आकडा एकटा घेऊ नका

संग्रहात आकडे ठेवायचे असतील, तर व्याख्येच्या रकान्याशिवाय एकही आकडा घ्यायचा नाही. हा कडक नियम वाटेल. उदाहरण बघा.

नेपाळच्या २००८च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात कामात सहभागी स्त्रियांचं प्रमाण सुमारे ८० टक्के होतं. २०१७-१८च्या सर्वेक्षणात ते सुमारे २६ टक्के. दहा वर्षांत नेपाळी बायका घरी बसल्या? बिलकुल नाही. २०१३ साली जिनिव्हात भरलेल्या श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या १९व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोजगाराची व्याख्या बदलली : मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढा रोजगार. घरात खायला पिकवलेलं धान्य, पाळलेली म्हैस, वाहिलेलं पाणी हे ‘काम’ राहिलं, पण ‘रोजगार’ उरलं नाही. नेपाळने नवी व्याख्या घेतली. डोंगरातल्या बायका होत्या तिथेच होत्या, रेघ सरकली.

आता शेजारी भारताचा आकडा ठेवा. आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के. भारतात घरच्या खाण्यासाठीचं पीक काढणं अजून रोजगारातच मोजतात, आणि वाढीचा मोठा हिस्सा घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्या बायकांचा आहे. नेपाळचे २६ आणि भारताचे ४१.७ एका तक्त्यात शेजारी छापणारी व्यक्ती दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजून उंची सांगते आहे. व्याख्येच्या रकान्यात म्हणून इतकं तरी लिहाच : वयाची अट, संदर्भकाळ (आठवडा की वर्ष), घरच्या खाण्यासाठीची शेती धरली की नाही, बिनपगारी मदतनीस धरले की नाही.

दुसरा सापळा लिंग-गुणोत्तराचा. आपण हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतो; २०११च्या जनगणनेत ९४३. नेपाळसह बऱ्याच देशांत शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. नेपाळच्या २०२१च्या जनगणनेचा आकडा ९५.५९ आहे. नवख्या माणसाला वाटतं, ‘अरेरे, तिथेही मुली कमी.’ उलट आहे : तिथे पुरुष कमी, कारण ते कतार, मलेशिया, आखातात कामाला गेलेत आणि परदेशी गेलेल्यांची गणना वेगळी होते. आपल्या पद्धतीने तो आकडा १०४६ होतो, आणि आपले ९४३ त्यांच्या पद्धतीने १०६. मूळ आकडा जसा छापला तसा ठेवा, आणि शेजारच्या रकान्यात रूपांतर. मूळ पुसून रूपांतर कधीही ठेवू नका.

घरकामाच्या वेळेबाबतही हेच. भारताच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं देतात, असं आलं. लक्षात घ्या : ही सरासरी ते काम करणाऱ्यांचीच आहे. ज्या पुरुषांनी त्या दिवशी चहाचा कपही विसळला नाही ते ९७ मध्ये धरलेले नाहीत. १९९८-९९ची पहिली पाहणी फक्त सहा राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून ‘महाराष्ट्रात वीस वर्षांत काय बदललं’ हा प्रश्न त्या दोन सर्वेक्षणांवरून सुटत नाही. हे व्याख्येच्या रकान्यात एकदा लिहून ठेवलं की दर वर्षी नव्या विद्यार्थिनीला तेच सांगावं लागत नाही.

सालं आणि नावं

नेपाळच्या त्याच जनगणनेच्या मुखपृष्ठावर २०७८ छापलंय, ते विक्रम संवत. थायलंडमध्ये २५६८ म्हणजे इसवी २०२५. आपली जुनी पुस्तकं शके सांगतात, त्यात ७८ किंवा ७९ मिळवायचे. बांगला सनात ५९३ किंवा ५९४. हे तसेच भरलेत तर सालवार क्रम लावल्यावर नेपाळ आणि थायलंड भविष्यात जाऊन बसतात. ‘छापलेलं साल’ आणि ‘इसवी साल’ असे दोन रकाने ठेवा. नेपाळी विक्रम संवताचं वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं, त्यामुळे महिना कळला तरच ५७ वजा करायचे की ५६ ते नक्की होतं. महिना नसेल तर दोन्ही सालं लिहा, उगाच एक निवडू नका.

नावांचं दुखणं याहून जुनं. ग्रंथालयशास्त्राने आडनाव आधी लिहायची सवय लावली, पण ब्रह्मदेशात आडनाव नसतंच. आंग सान सू ची यांना ‘ची’खाली लावणं चूक आहे. इंडोनेशियात खूप जणांचं एकच नाव असतं, आणि मेगावती सुकर्णोपुत्री यांतलं दुसरं नाव वडिलांवरून आलेलं, आडनाव नव्हे. तमिळ लेखिकेच्या पुढचं अक्षर वडिलांचं.

आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत अजून एक वळण. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावं : माहेरचं, सासरचं आणि टोपणनाव. संशोधक स्त्रियांचंही हेच होतं. लग्नाआधीचे दोन लेख एका नावावर, नंतरचे दुसऱ्या, घटस्फोटानंतरचे पुन्हा पहिल्या. म्हणून नावांची वेगळी यादी ठेवा : प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक, त्याखाली तिची सगळी नावं. कोणतं नाव ठळक दाखवायचं हे हयात लेखिकेला विचारता आलं तर विचारा. ओर्किड, म्हणजे संशोधकांचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, असेल तर तोही लिहा. २०१२पासून मिळायला लागलेला हा क्रमांक नाव बदलूनही बदलत नाही.

झोटेरो, आणि कधी नाही

रकाने आणि शब्द ठरले की मग सॉफ्टवेअर. गटात दहाच्या आत माणसं आणि पाच हजारांच्या आत नोंदी असतील, तर झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर पुरेल. २००६पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात गटाचा सामायिक संग्रह करता येतो. फाइलींसाठी फुकट जागा ३०० एमबी मिळते, आणि गटातल्या सगळ्या पीडीएफ गटाच्या मालकाच्या खात्यातली जागा खातात. स्कॅन केलेले अहवाल टाकायला लागलात की महिन्याभरात भरते. तेव्हा नोंदी झोटेरोत, जड फाइली दुसरीकडे, नोंदीत फाइलीचा क्रमांक.

सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप विषयशब्द लावण्याचा पर्याय आधी बंद करा. नाहीतर प्रकाशकांच्या साइटवरून नोंद घेताना त्यांचे शब्दही येतात आणि तुमची मेहनतीने केलेली यादी आठवड्यात बुडते. आणि लेखकाच्या नावाशेजारी एक छोटं बटण असतं, त्याने नाव एकाच चौकटीत लिहिता येतं. आंग सान सू ची आणि संस्थांची नावं अशीच भरायची.

संग्रह मोठा झाला, पीडीएफ लोकांना खुल्या करायच्या आहेत, एखादं विद्यापीठ सर्व्हर द्यायला तयार आहे, असं झालं तर डीस्पेस (खुल्या फाइलींच्या भांडाराचं सॉफ्टवेअर) किंवा कोहाकडे (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) वळा. त्याआधी नको. ते चालवायला माणूस लागतो, आणि तो माणूस नोकरी बदलतो.

जुन्या ग्रंथालयांकडून नोंदी घ्यायच्या असतील तर युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या सॉफ्टवेअरचं नाव कानावर पडेल. ऐंशी-नव्वदच्या दशकांत भारतातल्या असंख्य ग्रंथालयांनी ते फुकट मिळतं म्हणून वापरलं. ग्रंथपालांना त्यातून ‘आयएसओ २७०९’ स्वरूपात फाइल काढून द्यायला सांगा. ती पुढे स्प्रेडशीटमध्ये आणता येते. ग्रंथपालांना चहा पाजा, घाई करू नका.

लिपीची गोम

जुन्या मराठी नोंदी बहुतेक वेळा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. युनिकोडमध्ये आणल्यावर त्या ‘;’ आणि ‘¶’ च्या चटणीसारख्या दिसतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात. दर पन्नास नोंदींमागे पाच मूळ कागदाशी ताडून पहा.

युनिकोड झालं तरी संपत नाही. १९८९पासून निघणाऱ्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाचंच नाव घ्या. त्यातलं ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं : एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दोन, साधा ‘र’, पायमोडी आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखंच. संगणकाला वेगळं. एका पद्धतीने शोधलंत की दुसऱ्या पद्धतीने भरलेले अर्धे अंक ‘नाहीत’ असं उत्तर येतं. सगळ्यांनी एकच प्रकार वापरायचा हे ठरवा, आणि महिन्यातून एकदा ओपनरिफाइनमध्ये फाइल टाकून बदला. ते फुकट साधन आहे. ‘बचतगट’ आणि ‘बचत गट’ यांसारखी जवळजवळची रूपंही ते शेजारी आणून दाखवतं.

सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरात जतन केलेली स्प्रेडशीट) एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. देवनागरीची अनेकदा भलतीच चिन्हं किंवा प्रश्नचिन्हं होतात, आणि तशीच जतन केलीत तर मूळ अक्षरं परत येत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये उघडा, यूटीएफ-८ निवडा. आमच्या एका सहकाऱ्याने एका दुपारी बांगलाच्या तीनशे शीर्षकांची प्रश्नचिन्हं केली होती. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावलं.

काय ठेवायचं नाही

संशोधन बायकांवरचं आहे, म्हणजे त्यात बायकांची दुखणी आहेत. मुलाखतींचे मूळ मजकूर सामायिक संग्रहात टाकू नका, नाव काढलेलं असलं तरी. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. ‘अमुक तालुका, अनुसूचित जमातीची विधवा सरपंच, २०१२ ते २०१७’ एवढं लिहिलंत तर नाव न लिहिताही गावाला ती कोण ते कळतं. तालुका, साल, व्यवसाय, मुलांची संख्या यांतलं कोणतंही तीन एकत्र आलं की थांबून विचार करा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. न्यायालयीन निकाल जुना असला तरी त्यातलं नाव नोंदीत घेऊ नका.

मोठ्या सर्वेक्षणांच्या कच्च्या फाइलीही वाटू नका. आरोग्य आणि लोकसंख्येची डीएचएस सर्वेक्षणं, ज्यांच्या धर्तीवर आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यास संस्था करते, त्यांच्या फाइली प्रत्येकीने स्वतः नोंदणी करून घ्यायच्या असतात. दुसऱ्याला द्यायची परवानगी नसते. संग्रहात प्रश्नावली, छापील अहवाल आणि दुवा ठेवा. पण छापील अहवालाची प्रत मात्र नक्की उतरवून घ्या. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत रोखली तेव्हा तिच्यावर चालणारं डीएचएसचं काम थांबलं आणि डेटाच्या मागणीला उत्तर देता येणार नाही असं त्यांनी कळवलं. ढाका, काठमांडू, नॉम पेन्ह सगळीकडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध अडकले. दुवा म्हणजे प्रत नव्हे, हे तेव्हा फार जणांना एकदम कळलं.

पीडीएफ खुली करायची तर हक्क पहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. नोंदी, म्हणजे शीर्षक, नाव, साल, या मात्र खुशाल खुल्या परवान्याने द्या; त्या दडवून कोणाचा फायदा नाही.

माणसं

दर नोंद दोघींच्या हाताखालून जाऊ द्या : एक भरेल, दुसरी तपासेल, आणि तपासणारी त्या देशाची असेल तर उत्तम. बैठक महिन्यातून एकदा, तासभर. काठमांडूचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे आणि ढाक्याचं अर्धा तास, हे निमंत्रणात लिहिलं नाही तर पहिली पंधरा मिनिटं ‘ऐकू येतंय का?’ मध्ये जातात.

भरण्याचं काम वाटून घ्या. बायकांच्या अदृश्य श्रमांवरचा संग्रह, आणि त्यातल्या चार हजार नोंदी दोन कनिष्ठ मुलींनी फुकट भरलेल्या, वर नाव प्राध्यापकांचं : हे मी पाहिलंय. पैसे देता येत नसतील तर प्रत्येक नोंदीवर भरणारीचं नाव तरी दिसू द्या.

पहिल्या महिन्यात फक्त वीस नोंदी करा. पाच देश असतील तर प्रत्येकीने चार. मग अदलाबदल : तुझ्या चार मी मूळ कागदाशी ताडून पाहीन, माझ्या चार तू. जिथे दोघींचे रकाने जुळले नाहीत तिथे नियम कच्चा आहे. तो दुरुस्त करा आणि ‘आधी हे वाचा’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत तारखेसह लिहा. आमच्या फाइलीत आज अडतीस नियम आहेत, आणि सर्वांत वरती, लाल रंगात : खात्याचा पासवर्ड कोणकोणाकडे आहे, आणि त्यांपैकी एकीचं लग्न, बाळंतपण किंवा नोकरी बदल असेल तर तो पुढे कोणाकडे जाईल.